ऑस्कर हुकलेली म्हणे!

सकाळी एक रील समोर आलं: 'ऑस्कर हुकलेल्या नायिका'. त्यात ब्राझीलची नटी फर्नांदा मॉन्तेनेग्रो! टाळकंच सरकलं.

अरे, १९९९ला ऑस्करची ती बाहुली ग्वेनेथ पॅल्ट्रोला गेली, गेली. ज्या 'सेंट्रल स्टेशन' सिनेमासाठी नामांकन होतं, त्याच सिनेमासाठी बर्लिन महोत्सवाचं अभिनयाचं बक्षीस, रौप्य अस्वल, फर्नांदाच्या घरी वर्षभर आधीच आलं होतं. रिओच्या स्टेशनात निरक्षरांची पत्रं लिहून देणारी डोरा, ही तिची भूमिका. शूटिंगला टेबल मांडून बसली, तर खरेखुरे प्रवासी येऊन पत्रं सांगायला लागले! त्यांतली काही माणसं सिनेमातही आहेत. याहून मोठी पावती कुठली?

ऑस्करच्या गाजावाजामुळेच हे नाव आपल्यापर्यंत आलं, हे कबूल. पुढे?

जन्म १९२९चा, रिओतला. खरं नाव आर्लेत. शाळकरी वयात रेडिओवर आवाज घासला, १९५०ला रंगमंचावर. १९५९ला नवरा फर्नांदो तोर्रेस, सेर्जिओ ब्रितो, इतालो रोसी आणि दिग्दर्शक जान्नी रात्तो यांच्याबरोबर स्वतःची नाटक कंपनी. नेल्सन रॉड्रिग्जसारख्या नाटककाराकडून मागून नवं नाटक लिहवून घेतलं. मालिकांचंही वावडं नाही. १९८३च्या एका मालिकेत नट पाउलो ऑत्रानबरोबर न्याहारीच्या टेबलावर खाणं फेकाफेकी केली, ब्राझील अजून आठवून हसतं. आपल्याकडे मालिका केली की नाक मुरडणाऱ्यांनी बघावं.

अभिनय शिकणाऱ्या पोरांनी १९८१चा 'एलेस नाऊं उझाऊं ब्लॅक-टाय' हा तिचा सिनेमा बघा. कामगारांचा संप फुटलाय, सोबती पोलिसांच्या गोळीने गेलाय, मुलगा घराबाहेर. शेवटी नवरा-बायको (बायको म्हणजे फर्नांदा) टेबलाशी बसून घेवडा निवडतात. संवाद नाही. दुःख 'दाखवायला' गेलं की नट खोटा पडतो. इथे बोटं दाणे निवडत राहतात, म्हणून डोळ्यांतलं पाणी खरं वाटतं. घरी हा प्रसंग आवाज बंद करून बघा.

स्टेशनातल्या त्या प्रवाशांनाही तेच दिसलं असणार, लिहायला बसलेली बाई. नटी त्यांना दिसलीच नाही.

आता राग जरा उतरलाय. २०२४च्या 'आय ॲम स्टिल हिअर'मध्ये लेक फर्नांदा तोर्रेस मुख्य भूमिकेत, युनिस म्हणून, आणि म्हातारपणीची तीच युनिस म्हणजे आई. स्मृती गेलेली, व्हीलचेअरवर. टीव्हीवर लष्करी राजवटीने गायब केलेल्या नवऱ्याचा फोटो येतो आणि नजर किंचित हलते. बस. लेकीलाही बाहुली मिळाली नाही. सिनेमाला मिळाली, ब्राझीलची पहिली. २०२४लाच, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, आईने साओ पाउलोच्या बागेत फ्रेंच स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हुआरच्या लेखनाचं अभिवाचन केलं, समोर हजारोंची गर्दी.

रीलवाल्याने त्या प्रवाशांकडे पत्र सांगावं, माफीचं.