दुरुस्ती किती सोपी, हेही विचारा

एआय रेडिओलॉजिस्टची, म्हणजे क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरची, जागा घेणार का, हा वाद भारतात अजून थांबलेला नाही. २०१६ साली एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे असे म्हटले होते, आणि त्या विधानाचा दाखला आजही दोन्ही बाजू देतात. मी जर्मनीत वैद्यकीय प्रतिमांच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटात काम करतो. इथून हा वाद ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. सारी चर्चा अचूकतेच्या टक्केवारीवर अडते; सॉफ्टवेअरचे उत्तर चुकले तर डॉक्टरला ते किती सहज दुरुस्त करता येते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

यकृताच्या सीटी स्कॅनमध्ये सॉफ्टवेअर गाठीची कड आखून देते. बरीचशी कड बरोबर असते, पण गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तिथे रेघ बाहेर सरकते. ती ओढून जागेवर आणली की वरच्या-खालच्या छेदांतली, म्हणजे स्कॅनच्या शेजारच्या पातळ थरांच्या प्रतिमांतली, रेघही आपोआप सावरली, तर काम लगेच संपते. तसे होत नसेल, तर प्रत्येक छेदावर ती नव्याने आखावी लागते, आणि पुढे तपासण्यांची रांग लागलेला डॉक्टर आहे तीच रेघ मान्य करतो. पुढच्या तपासणीत गाठ वाढली की आटली, हे त्याच मापाशी ताडून पाहिले जाणार असते. म्हणून वापरातली सोय ही माझ्या लेखी रुग्णसुरक्षेचीच बाब आहे.

सोयीचे आणखी एक उदाहरण घ्या. सीटीत शरीरातल्या प्रत्येक जागेची घनता आकड्यात मोजतात; त्या मोजपट्टीवर पाणी ० आणि हवा उणे १००० असते. एवढा पल्ला डोळ्याला एकाच वेळी नीट दिसत नाही, म्हणून त्याचा एक पट्टाच पडद्यावर दाखवतात: पातळी म्हणजे त्या पट्ट्याचा मध्य आणि रुंदी म्हणजे त्याचा विस्तार. मेंदू पाहताना साधारण ४० पातळी आणि ८० रुंदी लागते, तर फुफ्फुसासाठी उणे ६०० आणि १५००. हा बदल एका कळीवर व्हायला हवा, कारण मेनू शोधायला लागले की नजर प्रतिमेवरून हटते.

अमेरिकेत मॅमोग्राफीतल्या, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीतल्या, संशयित जागांवर खुणा करणाऱ्या प्रणालीला १९९८ मध्ये मान्यता मिळाली, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा प्रणालींमुळे निदान अधिक अचूक झाल्याचे दिसले नाही. निरर्थक खुणांचा भडिमार झाला की वाचणारा कामाच्या खुणेकडेही दुर्लक्ष करू लागतो, असे माझे मत आहे.

युरोपात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार वापरातल्या चुकांचा धोका कमी करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. तरीही इथले सारे उत्तम, असे मी म्हणणार नाही. शांत खोलीत, सवड काढून आलेल्या डॉक्टरांसमोर घेतलेल्या चाचणीत रात्रपाळीचा थकवा दिसत नाही. भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय सॉफ्टवेअर उपकरणांच्या नियमांखाली आले आहे, आणि एकेका डॉक्टरवरचा तपासण्यांचा भार तिथे कितीतरी जास्त आहे. तेव्हा खरेदी करणाऱ्या रुग्णालयांनी अचूकतेच्या आकड्यासोबत प्रात्यक्षिकही मागावे, आणि त्यात विक्रेत्याच्या माणसाने नव्हे, तर आपल्याच डॉक्टरने, ऐन गर्दीच्या वेळी, एक चुकलेली कड दुरुस्त करून पाहावी.