‘पाच वर्षांत पीसीच स्वस्त पडतो’ हा हिशेब अपुरा आहे

गेम खेळण्यासाठी पीसी घ्यावा की कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे खास गेमचे यंत्र, असा प्रश्न कोणी विचारला की ठरलेले उत्तर येते: कन्सोल दिसायला स्वस्त असला तरी पाच वर्षांत पीसीच स्वस्त पडतो, कारण पीसी घरात लागतोच, त्यावरचे गेम स्वस्त मिळतात, ऑनलाइन खेळायला पैसे पडत नाहीत, नवा कन्सोल आला की जुना बाद होतो, आणि पीसीची पूर्वीची कटकट आता उरलेली नाही. प्रत्येक कारणात तथ्याचा अंश आहे. मात्र या भरवशावर आईवडील मुलासाठी लाखाच्या घरात खर्च करत असतील, तर हिशेबात काय धरले नाही हे त्यांना कळायलाच हवे.

पीसी घरात लागतो हे खरे. पण तो अभ्यासाचा किंवा ऑफिसच्या कामाचा, आणि त्याला गेमची दृश्ये पडद्यावर उभी करणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. हल्ली तर बहुतेक घरांत लॅपटॉपच असतो, ज्यात असे कार्ड नंतर बसवण्याची सोय नसते. सोनीचा कन्सोल प्लेस्टेशन 5 याचे स्लिम मॉडेल एप्रिल 2024 मध्ये भारतात आले, तेव्हा डिस्क ड्राइव्हसह त्याची किंमत 54,990 रुपये होती आणि त्यात आठ कोअरचा प्रोसेसर, 16 जीबी मेमरी, एसएसडी आणि कंट्रोलर हे सगळे आले. पीसीमध्ये मधल्या दर्जाचे ग्राफिक्स कार्डच तीस हजारांच्या आसपास जाते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट त्यानंतर. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, त्याने हे अंतर आणखी वाढले. मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर कोटेशन घेतले तर त्यात मॉनिटर आणि विंडोजचा परवाना धरला आहे का, हे आधी पाहावे.

गेम स्वस्त मिळतात, हा या दाव्याचा सर्वांत भक्कम भाग आहे. पीसीचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात 2015 पासून रुपयांत किमती आहेत, सेलमध्ये जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, आणि एपिकच्या स्टोअरने मे 2020 मध्ये ‘जीटीए 5’ सुद्धा फुकट दिला होता. पण पीसीवर विकत घेतलेला गेम पुन्हा विकता येत नाही. तिथे आपण वस्तू नव्हे, परवाना घेतो; स्टीमने 2024 पासून पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचनाच दिली आहे. कन्सोलची डिस्क मात्र हातातली वस्तू आहे. जुन्या डिस्क घेणारा दुकानदार ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे पाहतो, डबी फुटलेली नाही ना ते बघतो आणि भाव सांगतो. समजा, 4,999 रुपयांची डिस्क दोन महिन्यांनी 3,500 रुपयांना गेली, तर तो गेम पंधराशे रुपयांना पडला, आणि तोही सेलसाठी वर्षभर न थांबता. वर्षाला तीन-चार मोठे गेम संपवून पुढे जाणाऱ्या माणसासाठी हाच आकडा निर्णायक आहे, आणि पाच वर्षांच्या त्या हिशेबात नेमका तोच नसतो. दहा हजार वाचवण्यासाठी बिनड्राइव्हचे डिजिटल मॉडेल घेणाऱ्याने, वेगळा ड्राइव्ह जोडला नाही तर, ही सोय घालवलेली असते, म्हणून त्याला त्या हिशेबाचा फटका पूर्ण बसतो. ज्याला डझनावारी छोटे गेम आणि मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, हवेत, त्याने पीसीच घ्यावा; त्याच्याशी माझा वाद नाही.

ऑनलाइनचे शुल्क खरे आहे. प्लेस्टेशन प्लस या ऑनलाइन खेळण्यासाठीच्या सदस्यत्वाचा प्राथमिक स्तर 2022 मध्ये भारतात वर्षाला 2,999 रुपये होता आणि पुढे तो वाढला. परंतु ‘फोर्टनाइट’सारख्या मोफत गेमना तो लागत नाही, एकट्याने खेळायलाही नाही आणि एकाच टीव्हीसमोर दोघांनी फुटबॉल खेळायलाही नाही.

जुना कन्सोल बाद होतो, हे तर वस्तुस्थितीला धरून नाही. 2013 च्या प्लेस्टेशन 4 साठी नोव्हेंबर 2022 मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ आला, आणि त्या कन्सोलच्या जवळजवळ सर्व डिस्क प्लेस्टेशन 5 वर चालतात. प्लेस्टेशन 3 च्या डिस्क चालत नाहीत, हे मान्य. पण पीसीलाही वय असतेच: विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा यंत्रणा नसलेले जुने पीसी विंडोज 11 च्या अधिकृत अटींत बसत नाहीत.

राहिली कटकट. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 1’ मार्च 2023 मध्ये पीसीवर आला, तेव्हा आधी शेडर (दृश्ये रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची दीर्घ प्रतीक्षा, मग अडखळणारा खेळ आणि मधेच बंद पडणे, असा अनुभव असंख्य खेळाडूंना आला. वेगवेगळे भाग जोडून केलेल्या असंख्य पीसींवर एकच गेम चालवायचा म्हटल्यावर हा धोका राहणारच. कन्सोलही निर्दोष नाही: डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’ इतका सदोष निघाला की सोनीने तो स्वतःच्या स्टोअरमधून काढून टाकला. परताव्यात तर पीसी स्पष्टपणे पुढे आहे. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशन स्टोअरवर डाउनलोड सुरू झाले की, गेम सदोष असल्याशिवाय, परतावा सहसा मिळत नाही. म्हणून कन्सोल घेणाऱ्याने नवा गेम पहिल्याच दिवशी डिजिटल घेऊ नये. डिस्क घ्यावी, म्हणजे न आवडलेला गेम निदान विकता तरी येतो.