जो खाणा नाय तेना भाव करू नये

काल सकाळी साडेनऊच्या सुमारास मी मालवणच्या मासळी बाजारात, डाव्या हातात एक नि उजव्या हातात एक असे दोन बांगडे शेपटीला धरून उभा होतो आणि ते ताजे नाहीत असं एका मासेवालीला पटवून देत होतो. मला स्वतःला ते ताजेच वाटत होते. शिवाय दीड वर्ष झालं, मी मासे खात नाही. अंडी नाही, दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आणि तारीख होती १ नोव्हेंबर. पुण्याच्या भाचीचा पहाटेच मेसेज आला होता, "हॅपी वर्ल्ड व्हीगन डे, मामा!" खाली एक हिरवं पान, एक हिरवं हृदय आणि एक गाय.

हे कसं झालं ते चटकन सांगून टाकतो, कारण त्यात माझी शोभा वाढावी असं काही नाही. दीड वर्षापूर्वी मी इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून आलो. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण, बाकी वेळ श्वासाकडे लक्ष. घरी आल्यावर मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. ताटात कुठल्या जिवाचं काही नको. आणि रोज तासभर कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, तेही पाट्या टाकल्यासारखं नाही, हातातल्या कामात पूर्ण जागं राहून.

सेवेसाठी लांब जावं लागलं नाही. गडग्यापलीकडे काकी राहतात. वय पंच्याऐंशी, गुडघे संपलेले, एक मुलगा डोंबिवलीला, एक बहारीनला. मी गेलो नि म्हटलं, काकी, रोज येत जाईन, पोथी वाचून दाखवू? नको म्हणाल्या. पाय चेपून देऊ? नको. मग माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "झिला, माका रोजचे बांगडे हाडून दी."

तेव्हापासून मी रोज बाजारात. सोमवार, एकादशी आणि १ जून ते ३१ जुलै एवढी सुट्टी. ते एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जायला बंदी असते, माशांची वीण व्हावी म्हणून. त्या दोन महिन्यांत मी सुखी असतो. काकी सुक्या बांगड्यांवर दिवस काढतात आणि बंदी मीच घातल्यासारख्या माझ्याशी तुटक बोलतात.

आमच्या गावात मासे न खाण्याचं कुणाला नवल नाही, हे आधी सांगायला हवं. पण न खाण्याला कारण लागतं आणि कारणं तीनच. वार, पथ्य किंवा माळ. सोमवार पाळता, ठीक. डॉक्टरने बंद केलं, अरेरे. पंढरीची माळ घातली, नमस्कार. चौथा खण या कपाटाला नाही. त्यामुळे मी जिथे जातो तिथे लोक मला तिसऱ्यात घालून बघतात, गळ्यात माळ दिसत नाही म्हणून दुसऱ्यात ढकलतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "रिपोर्टात काय निघाला?" सुरुवातीला मी हसून समजावत असे. हल्ली एखाद्याला नुसतं "हो, जरा आहे" म्हणून मोकळा होतो. सत्याचा नियम मी घेतलाय खरा, पण चहाच्या टपरीवर उभं राहून रोज वासराची बाजू मांडायची म्हणजे फार होतं.

चहाचं तर बोलूच नका. कुणाकडे गेलो आणि "बिनदुधाचा द्या" म्हटलं की यजमानीणबाईंना वाटतं, त्यांच्या घरातल्या दुधावर मी शंका घेतली. एका वहिनींनी पातेलं आणून दाखवलं होतं मला. "बघा भावजी, आत्ताच तापवलंय." साय धरली होती त्यावर. मी त्या सायीकडे सजगतेने पाहिलं. इच्छा उठली, राहिली, गेली. गेली नाही खरं तर.

हा 'व्हीगन' शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला. व्हेजिटेरियन या शब्दाचं डोकं ठेवलं, शेपूट ठेवलं, मधलं सगळं काढून टाकलं. बांगडा साफ करताना नेमकं उलटं करतात. तेव्हा हा शब्द आमच्याकडे रुजणं जडच होतं. आणि रुजायची गरज तरी काय? सोलकढीत काय असतं, कोकम आणि नारळाचं दूध. काळ्या वाटाण्याची आमटी, ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, अळूत घातलेल्या आठळ्या, घावन आणि वर गूळ घातलेला नारळाचा रस. यात गाय कुठे आहे? आमची आजी जन्मभर आठवड्यातले तीन दिवस व्हीगन होती आणि तिला कुणी १ नोव्हेंबरला पान पाठवलं नाही. फक्त उकडीच्या मोदकावरच्या तुपाशी माझं अडतं. यंदा चतुर्थीला पहिले दोन मोदक मी कोरडे खाल्ले. तिसऱ्यावर तूप कुणी वाढलं ते मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

असो. काल.

सकाळी आठला मी नेहमीप्रमाणे शंभर रुपयांचा वाटा घेतला, चार बांगडे. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, दाबून पाहिलं तर बोट उमटत नव्हतं. खात नसलो म्हणून काय झालं, दीड वर्षात एवढं शिकलोय. काकींकडे पोचवले, घरी आलो, आंघोळ केली (ही रोजची दुसरी आंघोळ) आणि डोळे मिटून बसलो. दहा मिनिटांत फोन. बहारीन.

"दादा, आई म्हणत होती आज मासे बरे नाहीत. जरा बघून घेत जा ना. पैशांचं बघू नका, पैसे मी पाठवतोच आहे."

आता बघा. काकींच्या खिडकीतून माझा ओटा दिसतो. हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. पण ती तक्रार आधी अरबस्तानात गेली आणि तिथून माझ्याकडे आली. आमच्या वाडीत नऊ घरं, त्यातली सहा कुलपात. गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात, पंखे लावतात, आंबे नेतात आणि जाताना उरलेल्या तीन घरांना सांगून जातात, "जरा लक्ष ठेवा हं." लक्ष ठेवणं हाच माझा मार्ग आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण "बघून घेत जा" हे ज्याने दोन वर्षांत आईचं तोंड बघितलं नाही त्याने मला सांगावं? मी म्हटलं, "बरं." श्वास आत. श्वास बाहेर. पिशवी घेतली आणि परत बाजारात.

ती मासेवाली पन्नाशीची असेल. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, पुढ्यात आडाळो, म्हणजे विळी. मी दोन बांगडे पिशवीतच ठेवले आणि दोन पुराव्यादाखल बाहेर काढले. डाव्या हातातल्याची शेपटी अर्धी तुटलेली होती, त्यामुळे तो सारखा निसटत होता.

"मावशी, हे परत घ्या. ताजे नाहीत."

"कोण म्हणता?"

"आमच्या काकी."

"आणि तू काय म्हणतंस?"

इथे माझी पंचाईत झाली. ताजे आहेत म्हटलं तर मी आलो कशाला? ताजे नाहीत म्हटलं तर खोटं. मी म्हटलं, "मी खात नाही."

तिने सुरमईचा तुकडा अर्ध्यावर सोडला आणि वर पाहिलं. "खाणस नाय? सोमवार?"

"आज सोमवार नाही, मावशी."

"ता माका ठावक आसा. पथ्य आसा?"

"नाही."

"माळ घातलंस?" असं म्हणत ती उठली, अर्धी वाकून माझ्या शर्टाच्या गळ्यात तिने डोकावून पाहिलं आणि परत बसली. "माळ तर नाय. मगे?"

त्या 'मगे'समोर माझी दीड वर्षांची साधना उघडी पडली. दोन्ही हात अडकलेले, तुटक्या शेपटीचा निसटतोय, कोपरावरून पाणी ओघळतंय. मी म्हटलं, "जीवदया म्हणून."

ती काही बोलली नाही. माझ्या उजव्या हातातला बांगडा काढून घेतला, उताणा केला, उलटा केला, माझ्या नाकासमोर धरला.

"ह्यो मेलो आसा."

"हो."

"आता ह्येच्यार दया केलंस, तर ह्यो काय उठान पोवतलो?"

शेजारचीने विचारलं, "काय झाला गो?"

"ह्यो बघ. खाणा नाय, आणि नावा ठेवता!"

बाजार जमला. हेल्मेट डोक्यावरच ठेवून बाजार करणारे काही लोक असतात, त्यातल्या एकाने मध्ये तोंड घालून विचारलं की मासे समजू शकतो, पण दूध का नाही, गाय काय मरते का दूध काढून? मी त्याच्याकडे वळून वासराबद्दल सांगायला लागलो. हे चुकलंच. वासरू निम्म्यावर आलं असताना मावशीने पुन्हा हाक दिली.

"दूद पण नाय? मगे शेळयेचा पी. गांधीबाबा पियत होतो."

आणि हेच मला सगळ्यात झोंबलं, कारण बाईचं बरोबर होतं. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. पुढे हिंदुस्थानात आजारी पडून अगदी गळाले, डॉक्टर दूध घ्या म्हणू लागले, तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली की तुमचं व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं, शेळीचं कुठे सोडलंय? त्यांनी घेतलं. व्रताचं अक्षर राहिलं, प्राण गेला, असं नंतर स्वतःच कबूलही केलं आणि ती टोचणी त्यांना राहिली. माझ्या तिसऱ्या मोदकाची गोष्ट यापुढे अगदीच किरकोळ आहे. पण गांधीजींना निदान घरच्या माणसाने कोपऱ्यात सांगितलं. मला भर बाजारात, हेल्मेटवाल्यासमोर.

मी म्हटलं, "मावशी, माझं सोडा. मासे बदलून देता का?"

"दितंय. पण आयक." तिचा आवाज एकदम उतरला. "दया सांगूची तर त्या एलईडीवाल्यांका जावन सांग. रातीचे लायटी लावन सगळो दर्यो खरवडून न्हेतत. पिल्ला पण ठेवणत नाय. म्हायती आसा, बंद हा ता? कागदार बंद हा. माजो घोव रापणीक जाता, पाटी भराक मिळणा नाय. तू एक बांगडो खावक नाय म्हणान कोणाचा काय होतला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. हेल्मेटवाल्याकडेही नव्हतं, पण त्याने "बरोबर बोलली" म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू लायटी मीच लावल्या होत्या.

मग तिने माझी पिशवी ओढून घेतली, चारही बांगडे पाटीत ओल्या गोणपाटाखाली सारले, आत हात घालून खळबळ केली. तेवढ्यात हेल्मेटवाला मला म्हणाला, "ते वासराचं काय म्हणत होतात?" मी वळलो. परत पाहतो तर पिशवी भरून माझ्यासमोर.

"हे मोठे आसत. वीस रुपये वर दी."

"मावशी, बदलून घ्यायचे तर वर कसले पैसे? आणि एवढे काही मोठे नाहीत."

तिने आडाळ्यावर सुरमई पुन्हा धरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जो खाणा नाय तेना भाव करू नये."

शेजारच्या चौघीजणी हसल्या. वीस रुपये दिले. स्कूटरवर वेंगुर्ला नाही की कणकवली नाही, सरळ काकींकडे, आणि मागून नेहमीचं ते काळं मांजर पिशवीच्या वासावर वळणापर्यंत धावत आलं. साऱ्या गावात माझ्याबद्दल जिव्हाळा बाळगणारा तेवढा एकच जीव आहे, तोही गैरसमजातून.

काकींनी ताट पुढ्यात मागवलं. एकेक बांगडा चाचपला, नाकाशी नेला, कल्ला उघडून उजेडाकडे धरला. चेहरा खुलला. "आता कसे! बघलंस? ह्येका म्हणतत ताजे."

मी पाहिलं. चौथ्याची शेपटी अर्धी तुटलेली होती.

तोंड उघडलं होतं मी. काकींनी तो बांगडा इतक्या मायेने थोपटला की मी ते परत मिटलं. तेव्हाच मी पूर्ण जागा होतो, पूर्ण हजर होतो, आणि त्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता. स्वयंपाकाच्या बाईने तिरफळं ठेचून बांगड्यांचं तिखलं टाकलं, वास गडग्यावरून माझ्या ओट्यापर्यंत आला. मी ओट्यावर बसून नाचणीची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी खात होतो. खिडकीतून काकींचा फोन ऐकू येत होता. बहारीनला.

"होय रे, बदलून हाडल्यान. आज बरे गावले. झील चांगलो आसा बिचारो... नाय, नाय, काय तरी दुखणा आसा तेका, सांगणा नाय. पण वीस रुपये जास्ती घालवन इलो. तेका मेल्याक भाव करूक येणा नाय."