हाही मळा गेला!

सांगलीच्या हरिपूर रस्त्याकडेचा मळा अखेर गेलाच. तिथलीच वांगी तोडून चुलीवर भरलं वांगं करणारं ते हॉटेलही पाडलं. काजळी धरलेले पत्रे अजून ढिगाऱ्यात पडलेत. दरवेळी हेच! आधी तारेचं कुंपण, मग एनए (बिगरशेती परवानगी), मग ‘निसर्गाच्या कुशीत रो-हाऊस’चा फलक. अरे, निसर्ग तर तुम्हीच जेसीबीनं उपटलात! सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हळद पिकवणारी काळी जमीन आम्ही गुंठ्या-गुंठ्यानं विकतोय. बरं, २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर बघूनही कृष्णाकाठी भराव टाकायचा? मग पाणी जाणार कुठं? शेजारच्या गल्लीतच ना? परवानगी देणाऱ्यांना एवढंही कळत नाही, याचाच जास्त संताप येतो.