‘अपघाताचे दोन लाख मंजूर’ या फोनबद्दल खुलासा

“गाडीचा अपघात झालेल्या प्रत्येकाला सरकारनं दोन लाख मंजूर केलेत, फोन आला की फाईलचे पैसे भरून टाका” असा मजकूर लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

आकडा मात्र हवेतून आलेला नाही. धडक देऊन पळालेल्या, ओळख न पटलेल्या वाहनामुळं मृत्यू झाला तर वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50,000 रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून ही योजना लागू आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं करायचा. दुचाकी घसरून खरचटलं, त्याला ही योजना नाही. धडक देणारी गाडी सापडली असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो आणि रक्कम पुराव्यावर ठरते. दावाच दाखल नसताना मंजुरी कसली?

फोनवाला गोड बोलतो: “दादा, फाईल वर गेलीये, फक्त प्रोसेसिंगचे पाठवा.” मग आधार, पासबुक, शेवटी ओटीपी. “वकील आमचाच, मिळालं तर तीस टक्के” हेही ऐकवतात. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांनी मनाई आहे. काहीजण तर नसलेली दुखापत दाखवायला “मानेचं दुखणं लिहून देऊ” म्हणतात. त्या खोट्या कागदावर सही तुमची असते, हे ते सांगत नाहीत.

एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची कागदं स्वतःजवळच ठेवा. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.