पेट स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार ताई,

पोटाच्या टीबीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "एसयूव्ही १२, सीए-१२५ सहाशेच्या वर, पोटात पाणी. एवढं असूनही तुम्ही कॅन्सर म्हणू नका म्हणता. अशा लेखांमुळे माणसं खोट्या आशेवर बसतात आणि उपचार लांबतात." उपचार लांबण्याची तुमची भीती खरी आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो, आधी आकड्यांचं बघू. एसयूव्ही म्हणजे पेट स्कॅनमध्ये एखादी जागा किती चमकते याचं माप, आणि सीए-१२५ म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरचा संशय आला की रक्तात मोजतात ते प्रथिन.

पेट स्कॅनला टोचतात ते औषध ग्लुकोजसारखं असतं. जी पेशी भराभर साखर खाते ती चमकते, मग ती कॅन्सरची असो की जंतूंशी झुंजणारी पांढरी पेशी. टीबीच्या गाठीत अशा पेशींची दाटी असते, त्यामुळे तिथे एसयूव्ही १० किंवा १५ सहज दिसतो. २.५ च्या वर म्हणजे कॅन्सर, हा जुना ठोकताळा टीबी घरोघरी असलेल्या आपल्या देशात चालत नाही. सीए-१२५ चंही तसंच. पोटाच्या आतलं अस्तर सुजलं की ते वाढतं, सुजेचं कारण काहीही असो. पोटाच्या टीबीत ते शेकड्यांत जातं आणि औषधं लागू पडली की उतरतं. पाणी, जाड झालेला ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि ओव्हरीजवळची गाठ, हे चित्र दोन्ही आजारांत हुबेहूब सारखं दिसू शकतं. चांगला रेडिओलॉजिस्ट म्हणूनच 'कॅन्सरची शक्यता, टीबीही विचारात घ्यावा' असं लिहितो. घरी मात्र पहिलेच दोन शब्द वाचले जातात.

पोटातल्या पाण्याची एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) तपासणी जरूर करावी. ३९-४० च्या वर आकडा आला की टीबीकडे बोट जातं, पण लिम्फोमातही (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) तो वाढतो. पाण्यात टीबीचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच दिसतात. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली तरी पोटाचा टीबी नाही असं ठरत नाही. म्हणून तपासणीसाठी गाठीचा किंवा अस्तराचा तुकडा (बायोप्सी) हवाच.

'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती सरसकट खरी नाही. गाठ फक्त ओव्हरीत बंद असेल तर तिला बाहेरून सुई लावत नाहीत, कारण ती फुटली तर आतला द्रव पोटात सांडतो. ओमेंटम आधीच जाड झालेला असेल तर तिथून सोनोग्राफीखाली किंवा दुर्बिणीतून तुकडा घेता येतो.

आणि इथेच सगळ्यात जास्त वेळा चूक होते. सगळे तुकडे फॉर्मालिनच्या (तुकडा टिकवायचं रसायन) बाटलीत जातात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) होतच नाही. रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' (टीबीत दिसणारा सुजेच्या पेशींचा पुंजका) येतं, पण कुठल्या औषधाला जंतू दाद देणार नाही ते कळायचा मार्ग बंद होतो. बाटल्या दोन हव्यात. एकीत फॉर्मालिन, पॅथॉलॉजीसाठी. दुसरीत निर्जंतुक सलाईन, सीबीनॅट आणि टीबी कल्चरसाठी. दुसरी त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवायची, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. नातेवाइकांनी हे डॉक्टरांना तुकडा काढायच्या आधी विचारावं, नंतर विचारून उपयोग नसतो.

आता उशीर. सीबीनॅटची चाचणी सुमारे दोन तासांत होते, पॅथॉलॉजीला साधारण आठवडा धरा. कल्चरला सहा आठवडेही लागतात, पण त्यासाठी उपचार थांबवत नाहीत. एक आठवडा जास्त वाटतो, कबूल. पण तिशीतल्या बाईची गर्भपिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्यावर टीबी निघाला, तर ते परत बसवता येत नाही. ओळखू न आलेल्या टीबीवर केमो दिली तर प्रतिकारशक्ती खाली जाते आणि जंतू मोकाट सुटतात.

तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं ते उलट बाजूने. फुफ्फुसात डाग दिसला की तुकडा न काढताच टीबीची औषधं सुरू करायची आणि 'बघू' म्हणायचं, यात आपल्याकडे कॅन्सरचे कितीतरी रुग्ण महिनेच्या महिने गमावतात. तो उशीर अक्षम्य आहे, आणि मूळ लेखात मी त्यावर एकच ओळ लिहिली हे चुकलं. आज तिथे भर घालतो आहे: टीबीची औषधं पुराव्याशिवाय सुरू करू नयेत. सुरू केल्यावर ताप, भूक, वजन आणि पोटाचा घेर यांची नोंद ठेवावी. पहिल्या काही आठवड्यांत गाठी थोड्या वाढू शकतात, औषध योग्य असलं तरी, त्यामुळे घाईने पुन्हा पेट स्कॅन करू नये. दोन महिन्यांनीही फरक नसेल तर पुन्हा तुकडा काढावा. जंतू औषधाला दाद देत नसेल, निदानच चुकलं असेल, किंवा टीबी आणि कॅन्सर दोन्ही एकत्र असतील.