चिखलदऱ्याला यायचं तर असं या

पहिलं म्हणजे, यायला श्रावणातला रविवारच धरा. सोमवारी धुकं संपून जातं ना!

धामणगाव गढी मागं पडली की घाट लागतो. गाडी थांबवायला मोकळी जागा शोधू नका, आंधळं वळण पाहा. दारं उघडा, डेक लावा, बोनेटवर चढा. मागच्या रविवारी चौघांनी हे अगदी रीतसर केलं, मी साक्षीदार आहे. साळ्याकडून परत येताना एसटीत होतो. पुढच्या सीटवर एक कोरकू बाई, मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू, टॉवेलात गुंडाळलेलं. अचलपूरच्या दवाखान्यात चालली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "भाऊ, गाडी घ्या ना जरा बाजूला." तर उघडाबंब हिरो म्हणतो, "दोन मिनिटं काका, रील चालू आहे." तेवढ्यात मागून येणाऱ्या शहाण्यांनी दुसरी रांग लावली, मग तिसरी. दोन मिनिटांचे दोन तास झाले. बाई कोणाला काही बोलली नाही. बाटलीच्या झाकणानं लेकराच्या ओठाला पाणी लावत राहिली.

असो. सल्ले राहिले.

माकडांना चिप्स द्या, आणि त्यांनी पिशवी ओढली की "माजलेत" म्हणा.

गाविलगडावर जाच. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं तोफांनी तट फोडून किल्ला घेतला, पण दिल्ली दरवाज्यावरचं गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचं कोरलेलं पाखरू, अजून ओळखू येतं. इंग्रजांचं राहिलेलं काम तुम्ही गाडीच्या चावीनं पुरं करा. बदाम काढा, बाण मारा, खाली दोघांची नावं.

भीमकुंडाशी भीमानं कीचकाला मारून हात धुतले म्हणतात. दरीत अख्खा कीचक मावला, तिथं तुमच्या बाटल्या काय जड!

रबडीवाल्या गवळ्याशी दहा रुपयांसाठी भांडा. शहरात अडीचशेची कॉफी गुपचूप पिता, ते उट्टं इथंच काढायचं. (कॉफी इथंही पिकते, पण तिचा फोटो बरा येत नसावा.)

आणि आता सरळच बोलतो. लाज नाही वाटत का रे? वर माणसं राहतात. आजारी पडतात, बाळंत होतात, त्यांना हाच घाट उतरावा लागतो. तुमच्या धुक्यासाठी त्यांनी किती वेळ थांबायचं? वळणावर गाडी लावू नका. एवढंही जमत नसेल तर घरीच थांबा, बापा. मोरीत बसून डोक्यावर तांब्या ओता, भिजणं तेवढंच होतं.